केमो चालू आहे, घरचे जिवापाड जपतात, पण मन कशातच लागत नाही

सुरंगी
10 जुलै 2021, रात्री 2:40

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात राहते. वय 48. हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते, सध्या रजेवर. मार्चमध्ये डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, एप्रिलपासून केमो सुरू आहे. लाल औषधाचे चार डोस पार पडले. आता दर शुक्रवारी पॅक्लिटॅक्सेल, हे केमोचं दुसरं औषध. उपचारांबद्दल काही तक्रार नाही, डॉक्टर नीट समजावून सांगतात. जे विचारायचं आहे ते मनाबद्दल आहे, आणि घरात कुणाला विचारता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

मे महिन्यात गोव्यात काय परिस्थिती होती ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. दोन माणसं तपासली की त्यातलं जवळपास एक पॉझिटिव्ह निघत होतं. नेमक्या त्याच महिन्यात माझ्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, गर्दीत जाऊ नका, ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका. घरच्यांनी ते शब्द असे काही मनावर घेतले की त्या दिवसापासून मी माडीवरच्या खोलीत आहे. वेगळं न्हाणीघर, वेगळी भांडी. मिस्टर खाली हॉलमध्ये झोपतात. मुलगा बारावीला होता, परीक्षा रद्द झाली. तो दारात उभा राहून मास्क लावून बोलतो आणि दोन मिनिटांत निघतो, कारण बाबांनी त्याला तसं बजावलंय. सासूबाई 74 वर्षांच्या. त्या पेजेचं ताट जिन्यावरून स्वतः वर आणतात, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवतात आणि मी ते उचलेपर्यंत लांब थांबतात. पोदेराकडचा पावसुद्धा तव्यावर गरम केल्याशिवाय मला मिळत नाही. बहीण मडगावला. ऑपरेशनपासून ती फक्त व्हिडिओवर दिसते. शाळेतल्या मैत्रिणी फणस, आंबाडे, पुस्तकं असं काय काय फाटकाला अडकवून जातात. पेपरात श्रद्धांजलीचीच पानं भरून यायला लागली तेव्हा मिस्टरांनी पेपरही बंद केला.

एवढं सगळं माझ्या जिवासाठी चाललंय. मग तक्रार कशाची करू?

तौक्ते वादळाच्या रात्री वीज गेली, मोबाइलही संपला. मी वर अंधारात बसले होते. खाली तिघं मेणबत्ती लावून जेवत होते. आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी नसले तरी हे घर असंच चालेल, नीट चालेल. रडू आलं नाही. उलट, एखादी गोष्ट उमगावी तसं शांत वाटलं. त्या शांतपणाची मला आता भीती वाटते.

तेव्हापासून काहीच करावंसं वाटत नाही. मी महिला भजनी मंडळात गाते, पेटी वाजवते. पेटी खोलीतच आहे, पण झाकण उघडलेलं नाही. पुस्तकाचं एक पान वाचते आणि पुन्हा तेच वाचते. फोन वाजला तर वाजू देते. सगळे म्हणतात, ‘तू टीचर, तू खंबीर.’ त्यावर ‘होय’ म्हणून फोन ठेवते.

हे औषधामुळे होतंय, की मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यासारखं आहे? माझ्याजवळ कुणीतरी येऊन बसावं हे घरच्यांना कसं सांगू? त्यांना वाटायला नको की त्यांचंच काहीतरी चुकलं. शिवाय सप्टेंबरात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आहे. आमचं मूळ घर डिचोली भागात, सगळी भावंडं तिथे जमतात. घरच्यांनी मला न विचारताच ठरवलंय की मी यंदा जाणार नाही.

---

साखळीकर
10 जुलै 2021, सकाळी 7:15

ताई, माझी बायको गेल्या वर्षी यातून गेली, म्हणून लिहितो. तिचं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं रेडिएशन मुंबईला परळला चालू होतं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. रेल्वे बंद, हद्द बंद. हॉस्पिटल चालू होतं, उपचार एक दिवस थांबले नाहीत, पण आम्ही दोघं एका खोलीत. खाली रस्त्यावर ॲम्ब्युलन्स सोडून आवाज नाही. मे महिन्यात पास काढून पत्रादेवीच्या नाक्यावरून गोव्यात आलो. मुंबईहून आलेले म्हणून वाड्यावरचं कुणी अंगणात पाय ठेवीना. त्यांचंही काय चुकलं? सगळेच घाबरलेले.

मुंबईत हिने धीर सोडला नव्हता. घरी आल्यावर सोडला. घरी आमच्या आईने आणि वहिनीने तिच्या हातातलं सगळं काम काढून घेतलं. नारळ खोवायचा नाही, भाजी चिरायची नाही, देवाची फुलंसुद्धा काढायची नाहीत. एके दिवशी ती जेवताना म्हणाली, ‘हांव काय सोयरी न्हय,’ मी काय पाहुणी नाही. त्या दिवसापासून मी घरात सांगितलं की हिची कामं हिला परत द्यायची. लसूण सोलणं, दुधाचा हिशेब, नातवाचा पाढा घेणं. बसून होतील ती सगळी.

तेवढ्याने सगळं बरं झालं असं सांगणार नाही. तिला मानसोपचारतज्ज्ञांची गोळी लागली. गोळी सुरू करून दोन-तीन आठवडे काहीच फरक दिसेना, बंद करावी असं दोघांनाही वाटायला लागलं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं की उशीर लागतो, म्हणून थांबलो. महिनाभराने एकदा तिने स्वतः माशांच्या हुमणात मीठ कमी आहे म्हणून वहिनीला हाक मारली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मिस्टरांशी बोला. तुम्ही सांगितलं नाही तर आम्हा पुरुषांना कळत नाही, आम्ही औषधं आणि रिपोर्ट सांभाळत बसतो.

---

शुभंकर_77
10 जुलै 2021, सकाळी 9:02

ताई, सकारात्मक विचार ठेवा, सगळं नीट होईल. मन खंबीर असेल तर कॅन्सर अर्धा बरा होतो. रोज सकाळी गुळवेलीचा काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढते. आमच्या सगळ्या घराने घेतला, कुणाला कोरोना झाला नाही.

---

रात्रपाळी
10 जुलै 2021, दुपारी 1:30

मी परिचारिका. केमोच्या डे केअरमध्ये बरीच वर्षं काम केलं, सध्या दुसऱ्या विभागात. डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

आधी काढ्याबद्दल. शुभंकर, तुम्ही काळजीपोटी लिहिलंत, पण केमो चालू असताना गुळवेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलंय, आणि पॅक्लिटॅक्सेल शरीरातून बाहेर पडतं ते यकृताच्याच वाटेने. मन खंबीर असलं की कॅन्सर अर्धा बरा होतो हेही खरं नाही. असं ऐकलं की ज्याला उदास वाटतंय त्याला वाटतं, आता माझ्या उदासीमुळेच गाठ परत येणार. सुरंगीताई, तसं काही होत नाही. तुमचं औषध तुम्ही हसत घेतलंत काय, रडत घेतलंत काय, त्याचं काम ते करतं.

तुम्ही रात्री पावणेतीनला लिहिलंय आणि आदल्या दिवशी शुक्रवार होता. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी ॲलर्जी येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, ते स्टिरॉइड आहे. त्या रात्री झोप उडते, डोकं पळत सुटतं, मग एकदोन दिवसांनी त्याचा असर उतरला की अंग आणि मन दोन्ही खाली बसतात. आमच्याकडच्या कितीतरी बायकांना दर आठवड्याला ठरावीक वारी रडू यायचं. एका वहीत रोज फक्त दोन गोष्टी लिहा: झोप किती झाली आणि मन कसं आहे, शून्य ते दहा. तीन आठवड्यांत दिसेल की हे केमोच्या वाराबरोबर वरखाली होतंय की सगळेच दिवस सारखे जातायत. औषधाचा डोस बदलता येतो का, वेळ बदलता येते का, हे त्या वहीवरून डॉक्टरांना ठरवता येईल. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 पण बघायला सांगा. रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो.

पण तुमचं सगळं मला स्टिरॉइडचं वाटत नाही. थकवा, भूक मरणं, झोप न लागणं हे केमोतही होतं आणि नैराश्यातही होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. मी बघते ते दुसरं. आवडीची गोष्ट समोर असून नकोशी होते का? आपण घराला ओझं आहोत असं वाटतं का? पुढचं काही दिसतच नाही असं होतं का? तुमच्या लिहिण्यात पेटी आहे, फोन आहे, आणि वादळाची ती रात्र आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं असेल तर दाखवायला हवं.

आता सरळ विचारते, कारण असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. ‘मी नसले तरी चालेल’ याच्या पुढे विचार जातो का? जीव द्यावा, गोळ्या साठवाव्यात, केमोला जाऊच नये, असं काही? जात असेल तर आजच मिस्टरांना सांगा, आणि रात्री-अपरात्री असेल तर सरळ कॅज्युअल्टीला या. केंद्र सरकारची किरण हेल्पलाइन आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते. [ही 2021 मधली हेल्पलाइन; आता त्या जागी टेलि-मानस, 14416.]

मानसोपचारासाठी लांब जावं लागत नाही. मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था बांबोळीलाच आहे. नाव ऐकून लोक बिचकतात, पण तिथल्या ओपीडीत झोप न लागणारी, धडधड होणारी, बाळंतपणानंतर उदास झालेली, अशी तुमच्याआमच्यासारखी माणसं रांगेत असतात. जाताना केमोची फाइल न्याच. तुमची गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी असेल तर पुढे टॅमॉक्सिफेन ही हार्मोनला अडवणारी गोळी येण्याची शक्यता आहे, आणि फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीनसारख्या काही नैराश्याच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात. न भांडणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत, पण फाइल बघितल्याशिवाय लिहून देणाऱ्याला ते कळणार कसं?

गोळीच लागेल असंही नाही. पर्वरीच्या संगथ संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर काम केलं होतं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. सहा-आठ भेटींत माणसाला त्याच्या आवडीच्या, जमतील अशा कामांकडे हळूहळू परत आणायचं, एवढीच पद्धत. त्याचा फायदा झाला आणि 2017 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. साखळीकरांनी लसूण आणि पाढे सुचवले ते त्याच जातीचं आहे.

आणि खोलीबद्दल. एवढं कोंडून राहायची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. 21 दिवसांच्या केमोत पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सर्वांत खाली असतात, मग वर येतात. तुमचं लाल औषध संपलंय. आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलला त्या सहसा तेवढ्या पडत नाहीत, आणि दर वेळी रक्त तपासलं जातंच, आकडा तुमच्या हातात असतो. आकडा चांगला असेल, माणसाने लस घेतलेली असेल, त्याला सर्दी-ताप नसेल, दोघांना मास्क असेल आणि तुम्ही व्हरांड्यात मोकळ्या हवेत बसलात, तर डॉक्टर बहुतेक नाही म्हणणार नाहीत. पुढच्या शुक्रवारी मिस्टरांना आत घेऊन जा आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारा. बायकोने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, यात घरचे फरक करतात. इथे त्याचा उपयोग करून घ्या. तुम्हाला त्यांना दोष द्यावा लागणार नाही, डॉक्टरांनीच नियम बदलला असं होईल.

एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी मार्च ते मे या काळात देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा 54 टक्क्यांनी घटली. साथीच्या भीतीने, बंदीमुळे, पैशांमुळे माणसं आलीच नाहीत. तुम्ही या सगळ्यात एकही तारीख चुकवली नाहीत असं दिसतं. मन खचलं की आधी तारखा सुटायला लागतात, मी हे फार पाहिलंय. म्हणून म्हणते, लवकर दाखवा.

---

सुरंगी
10 जुलै 2021, रात्री 8:50

रात्रपाळीताई, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. जीव द्यावा असा विचार नाही. गोळ्या वगैरे काही नाही. पण गेल्या शुक्रवारी गाडीत बसताना वाटलं होतं की आज नाही गेले तर काय होईल? गेले, पण वाटलं होतं.

साखळीकर, तुमच्या पत्नीचं वाक्य मी मिस्टरांना वाचून दाखवलं. बाकीचं काही दाखवलं नाही. ते खालीच बसून राहिले, मग म्हणाले, ‘मला वाटलं तुला झोप हवी असते.’

---

अबोली_काणकोण
12 जुलै 2021, सायंकाळी 6:20

मी स्वतः रुग्ण आहे, माझं गेल्या वर्षी झालं. डॉक्टरांकडून सांगायला लावणं बरोबर, पण मुलाशी तुम्ही स्वतःच बोला असं मला वाटतं. माझी मुलगी सतरा वर्षांची. ती माझ्याजवळ यायची नाही, मला वाटायचं तिला किळस येते, केस गेलेले, भुवया गेलेल्या. खूप उशिरा कळलं की तिला भीती होती, तिच्यामुळे मला कोरोना होईल आणि मी गेले तर ते तिच्या माथी येईल. एवढं ओझं घेऊन ती पोर दारात उभी राहायची. मी तिला रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकवलं. आकडा ती बघायची आणि बसायचं की नाही ते ती ठरवायची. मग ती बसायला लागली.

दुसरं म्हणजे, माझ्यासोबत केमो घेणारी पेडण्याची एक बाई आणि मी दर मंगळवारी फोनवर बोलायचो. आजाराबद्दल बोललं तरी चालेल, फक्त ‘खंबीर राहा’ म्हणायचं नाही, एवढंच ठरलेलं. ज्याने तीच सुई टोचून घेतलीय त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. डे केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर कोण असतं? तिचा नंबर मागून घ्या.

चवथीला नाही गेलात तर घरच्यांना बरं वाटेल, तुम्हाला नाही. मी गेल्या वर्षी गेले नाही. देवाचं दर्शन मोबाइलवर झालं, त्याचं काही नाही. पण गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधताना कुठलं फळ कुठे, हे आमच्याकडे मी सांगते. ते कुणीतरी दुसऱ्याने सांगितलं.

---

सुरंगी
8 ऑगस्ट 2021, दुपारी 4:10

उशीर झाला लिहायला. साखळीकर, मधल्या पुरात तुमच्याकडे सगळं ठीक ना? वाळवंटी नदीचे फोटो बघून तुमचीच आठवण झाली. आमच्या डिचोलीच्या घराच्या अंगणापर्यंत पाणी आलं होतं, आत आलं नाही.

काय काय झालं ते सांगते. मिस्टर आत आले. डॉक्टर म्हणाले की खोलीत एकटं ठेवा असं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं, गर्दी टाळा एवढंच सांगितलं होतं. मिस्टरांचा चेहरा मला बघवेना. मी त्यांचा हात धरला, तिथेच, सगळ्यांसमोर. सासूबाईंचे लसीचे दोन्ही डोस झालेत, आमचे तिघांचे पहिले. आता मी जेवायला खाली येते. झोपायला अजून वरच, पण मिस्टर पण वर.

वही लिहिली. शुक्रवारी आणि शनिवारी झोप नाही, सोमवारी मन दोन किंवा तीन, हे अगदी ठरलेलं. पण बाकीचे वारही चारच्या वर जात नव्हते. ती वही घेऊन मानसोपचाराच्या ओपीडीत गेले. डॉक्टर बाई तरुण आहेत, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी केमोची फाइल शेवटपर्यंत वाचली, गोळी सुरू केली, पंधरा दिवसांनी बोलावलंय. अजून फार फरक नाही. साखळीकरांनी लिहिलं होतं म्हणून वाट बघतेय.

मुलाला रिपोर्ट वाचायला शिकवला. तो आता न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा माझ्याआधी बघतो आणि मला ओरडतो. संध्याकाळी अर्धा तास व्हरांड्यात बसतो. बोलतो असं नाही, तो मोबाइलवर असतो. मला तेवढं पुरतं.

बहीण मडगावहून एकदा येऊन गेली, अंगणातच बसली, पावसाने दोघींना भिजवलं. आम्ही दोघी खूप रडलो. मला रडू येतंय हे कळल्यावर बरं वाटलं.

चवथीचं अजून भांडण चालू आहे. पहिल्या दिवशी घरात तीसेक माणसं असतात, ते मलाही नको. आदल्या दिवशी सकाळी जाऊन माटोळी बांधून घ्यायची आणि दुपारी परत यायचं, एवढं मी मागितलंय. दीर तयार आहेत, मिस्टर अजून ‘बघू’ म्हणतात. मी सोडणार नाही.

रात्रपाळीताई, एक विचारायचं होतं. परवा पेटी उघडली. डाव्या हाताने भाता नीट मारता येतो, ऑपरेशनच्या बाजूचा असून. पण उजव्या हाताची बोटं बधिर वाटतात, सूर दाबला की नाही ते कानाने कळतं, बोटाला कळत नाही. पायांच्या बोटांनाही मुंग्या येतात. हे नेहमीचं आहे का?

---

रात्रपाळी
8 ऑगस्ट 2021, रात्री 9:35

पॅक्लिटॅक्सेलने असं होतं, पुष्कळांना होतं, पण अंगावर काढू नका. पुढच्या शुक्रवारी औषध चढवण्याआधी डॉक्टरांना सांगा, चढवल्यावर नाही, कारण डोस कमी करायचा की एखादा आठवडा थांबायचं हे त्यांना आधी ठरवावं लागतं. पेटीवर सूर कळत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही, चप्पल पायातून निसटते, अशा शब्दांत सांगा. नुसतं ‘मुंग्या येतात’ म्हटलं तर ते किती आहे हे समजत नाही. तोवर गरम भांडं उचलताना डोळ्यांनी बघून उचला, आणि जिना उतरताना कठडा धरा.